वॉरंटी नाकारायची तर कारण सिद्ध करा

गाडीत बाहेरून काही बसवलं की सगळी वॉरंटी गेली, हा समज ठाणे-नवी मुंबईत इतका पक्का रुजलाय की बहुतेक माणसं भांडायलाही जात नाहीत. सर्व्हिस ॲडव्हायझर बॉनेट उघडतो, टेप गुंडाळलेली एखादी वायर बोटानं दाखवतो, 'हे वॉरंटीत बसणार नाही' म्हणतो आणि गाडीमालक मुकाट्यानं एस्टिमेटवर सही करतो. ही सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीत केलेल्या बदलामुळे जो भाग बिघडला असेल, तेवढ्या भागापुरतीच वॉरंटी नाकारली जावी. आणि तो त्या बदलामुळेच बिघडला हे दाखवायचं काम नाकारणाऱ्यानं करावं.

खारघरला राहणाऱ्या माझ्या भाच्याचं उदाहरण सांगतो. गाडी दोन वर्षांचीही झाली नव्हती आणि ऐन मे महिन्यात एसीतून गरम हवा यायला लागली. तुर्भ्याच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये निदान झालं की कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील गळतंय आणि गॅस निघून गेलाय. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग कुणाच्या तरी नजरेला बाहेरून बसवलेले फॉग लॅम्प आणि हॉर्न पडले, आणि क्लेम तिथेच थांबला. सील गळण्याचा आणि हॉर्नच्या वायरीचा संबंध काय, असं त्यानं विचारलं. 'कंपनीची पॉलिसी आहे' एवढंच उत्तर मिळालं. नकार लेखी द्या म्हटल्यावर मॅनेजर मीटिंगमध्ये गेले.

सील हा रबराचा आणि धातूचा, घर्षण सोसणारा भाग आहे. त्याचा दर्जा कमी असेल, बसवताना वाकडा बसला असेल किंवा तेल कमी पडलं असेल, तर तो गळतो. फॉग लॅम्पला जाणाऱ्या विजेचा त्याच्याशी काही संबंध येत नाही. कॉम्प्रेसरच्या क्लचची कॉइल जळाली असती तर गोष्ट वेगळी होती. मग बाहेरच्या वायरिंगकडे संशयानं पाहणं रास्त ठरलं असतं, फ्यूज कुठून घेतलाय, रिले (जास्त करंट वेगळ्या वाटेनं नेणारा स्विच) आहे का, हे तपासायला हवंच होतं. सारा वाद या फरकाचा आहे आणि वर्कशॉपच्या काउंटरवर नेमका हाच फरक पुसला जातो.

कंपनीचं म्हणणं खरं असतं अशा जागा कमी नाहीत, आणि त्या मान्य केल्याशिवाय या विषयावर बोलू नये. हेडलाइटचंच घ्या. पुष्कळ गाड्यांत ५५/६० वॉटचा बल्ब येतो. घोडबंदर रोडवर रात्री नीट दिसत नाही म्हणून लोक त्या जागी ९०/१०० वॉटचा बसवतात. बारा व्होल्टवर ६० वॉटचा बल्ब पाच अँपिअर ओढतो, १०० वॉटचा आठाच्या पुढे जातो. वेगळा रिले आणि जाड वायर न टाकता हा बल्ब मूळ कपलरवर, म्हणजे गाडीच्या मूळ जोडणीवर, लावला तर कपलर वितळतो, स्विच करपतो, आणि नशीब वाईट असेल तर आग लागते. त्या कपलरचे, त्या स्विचचे पैसे कंपनीनं का द्यावेत? इंजिनाचा ईसीयू, म्हणजे त्याचा कंट्रोल कॉम्प्युटर, रिमॅप करून (त्यातला मूळ प्रोग्रॅम बदलून) टर्बोचा दाब वाढवला आणि वर्षभरात टर्बो गेला, तर तो खर्च मालकाचाच. बाहेरून सीएनजी किट बसवलं आणि व्हॉल्व्हच्या सीट झिजल्या, तरी कंपनीच्या नकाराला आधार आहे. गॅस कोरडा जळतो, पेट्रोलसारखा थोडाही ओलावा देत नाही, म्हणून कंपनी-फिटेड सीएनजी गाड्यांत अधिक टणक व्हॉल्व्ह सीट वापरतात. पेट्रोलसाठी घडवलेल्या इंजिनात त्या असतीलच असं नाही.

या प्रत्येक उदाहरणात बिघाड कुठून निघाला आणि कुठल्या वाटेनं त्या भागापर्यंत पोचला, हे सांगता येतं. मी कंपन्यांकडे एवढंच मागतोय की त्यांनी ती वाट दाखवावी. सीएनजी किटमुळे व्हॉल्व्ह सीट गेल्या, मान्य. पण त्याच गाडीच्या मागच्या दाराची पॉवर विंडोची मोटर बंद पडली, तर तिथे गॅसचा काय दोष? आमच्या भागात महानगर गॅसच्या पंपांवर रांगा लावणारे हजारो लोक आहेत. अंबरनाथहून ऐरोलीला, कळव्याहून महापेला रोज गाडीनं जाणाऱ्याला पेट्रोल परवडत नाही. तो आरटीओची मान्यता असलेलं किट बसवतो, आरसीवर नोंद करून घेतो, विमा कंपनीला कळवून जादा प्रीमियम भरतो. कायद्यानं सांगितलेलं सगळं त्यानं केलेलं असतं. त्याची स्टिअरिंगपासून सीटबेल्टपर्यंतची सगळी वॉरंटी एका फटक्यात रद्द करणं हा अन्याय आहे.

आता ही अट येते कुठून, ते पाहू. गाडीबरोबर मिळालेली वॉरंटीची पुस्तिका बहुतेकांच्या ग्लव्ह बॉक्समध्ये न उघडता पडलेली असते. ती काढून वगळलेल्या गोष्टींचं पान वाचावं. काही पुस्तिकांत बदलामुळे 'झालेलं नुकसान' वगळलेलं असतं. तसं असेल, तर सरसकट नकार देणारा डीलर स्वतःच्याच कंपनीच्या अटीपलीकडे जातोय, आणि ते पान त्याच्यासमोर ठेवलं की अर्धं काम होतं. काही पुस्तिकांत मात्र बदल केलेली गाडीच सरळ वगळलेली असते. तिथे प्रश्न त्या अटीचा होतो. ग्राहकानं ती अट वाटाघाट करून मान्य केलेली नसते. छापील कागदावर सही करा नाहीतर गाडी घेऊ नका, एवढीच निवड त्याच्यापुढे असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं अशाच करारांसाठी अनुचित कराराची व्याख्या केली आहे: ग्राहकाला नुकसानीत टाकणारी अवाजवी अट, किंवा वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार. माझ्या मते हॉर्नसाठी कॉम्प्रेसरची वॉरंटी काढून घेणारी अट या व्याख्येत बसते.

पण त्याच कायद्यात एक अडचण करून ठेवली आहे. सेवेतल्या त्रुटीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालते, अनुचित कराराची मात्र राज्य आयोगाकडे न्यावी लागते. म्हणजे सील गळाल्याचं गाऱ्हाणं ठाण्यात मांडायचं आणि अटच चुकीची आहे असं म्हणायचं असेल तर मुंबई गाठायची. वीस-तीस हजारांच्या दुरुस्तीसाठी कोण हे करेल? जिल्हा आयोगांना हा अधिकार द्यायला हवा.

भारतात या प्रश्नाला कुणी हातच घातला नाही असं नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती या कंपन्या आपल्या अधिकृत जाळ्याबाहेर जाऊ देत नाहीत, हा मुख्य ठपका होता. पण त्या आदेशात वॉरंटीबद्दलही एक निर्देश आहे. ग्राहकानं बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतलं, एवढ्याच कारणावरून वॉरंटी सरसकट रद्द करू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच, आणि परिस्थितीनं ते खरोखर समर्थनीय ठरत असेल तरच ती नाकारावी. पुढे अपिलं झाली, २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणानं तीन कंपन्यांवरचा ठपका कायम ठेवून दंडाची रक्कम कमी केली, वाद आणखी वर गेला. तो आदेश दुरुस्तीबद्दल होता, सजावटीच्या किंवा जादा बसवलेल्या वस्तूंबद्दल नव्हता, हेही खरं. तरी त्यातलं तत्त्व इथेही तसंच लागू पडतं. बाहेरच्या मेकॅनिकनं ब्रेक पॅड बदलले म्हणून एसीची वॉरंटी जात नसेल, तर बाहेरच्या इलेक्ट्रिशियननं हॉर्न लावला म्हणून ती का जावी? अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानं हीच दिशा घेतली; अमुक कंपनीचाच भाग वापरा नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट तिथे एरवी घालता येत नाही. आपण त्याहून कमीवर का समाधान मानायचं?

काउंटरवरचा माणूस 'नाही' म्हणायला इतका तयार का असतो, हेही समजून घ्यायला हवं. वॉरंटीतली दुरुस्ती डीलर करतो, पण तिचे पैसे त्याला कंपनीकडून मिळवायचे असतात. तो भाग बदलतो, जुना भाग टॅग लावून ठेवतो, क्लेम वर पाठवतो. कंपनीनं क्लेम नाकारला तर भागाचे आणि मजुरीचे पैसे डीलरच्या अंगावर पडतात. बदल केलेली गाडी दिसली की हा धोका त्याला दिसतो, आणि तो टाळायचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे क्लेम पाठवायचाच नाही. त्या दिवशी ग्राहकानं स्वतःच्या खिशातून पैसे भरले तर वर्कशॉपला भागावरचा नफा आणि मजुरी दोन्ही मिळतात. मी त्या ॲडव्हायझरला वाईट माणूस म्हणत नाही. त्याच्यावर महिन्याचं टार्गेट असतं आणि निर्णय त्याच्या हातात नसतो. पण ज्याला नकारातून फायदा होतो त्याच्या तोंडी शब्दावर माझी वॉरंटी संपावी, हे मला मान्य नाही.

शिवाय हेच शोरूम गाडी देताना ॲक्सेसरीजचं पॅकेज गळ्यात मारतात. सीट कव्हर, कॅमेरा, स्पीकर, डॅशकॅम. त्यातल्या सगळ्या वस्तू कंपनीच्या नसतात. पुष्कळदा त्या बाहेरच्या फिटरकडून शोरूमच्याच आवारात बसवल्या जातात. गाडीमालकांना माझं सांगणं आहे की त्या ॲक्सेसरीजचं बिल जपून ठेवा. उद्या त्याच वायरीकडे बोट दाखवून वॉरंटी नाकारली गेली तर ती वायर कुणी जोडली, हे त्या बिलावर लिहिलेलं असतं.

आता पुराव्याकडे येतो, कारण माझ्या मते या वादाचा निकाल तिथेच लागतो. बिघाड का झाला हे सांगणाऱ्या सगळ्या गोष्टी कंपनीच्या ताब्यात असतात. ईसीयूमध्ये फॉल्ट कोड साठतो. बिघाडाच्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान, लोड काय होतं, याची फ्रीझ फ्रेम नोंद होते. ईसीयू बाहेरून लिहिला गेलाय का, हे अनेक गाड्यांत कंपनीच्या स्कॅनरवर कळतं. काढलेला भाग वर्कशॉपच्या रॅकवर असतो. तोच भाग इतर किती गाड्यांत, किती किलोमीटरवर गेला, ही आकडेवारी फक्त कंपनीकडे असते. ही शेवटची गोष्ट आमच्याकडे फार महत्त्वाची आहे. गायमुखच्या घाटात आणि घोडबंदरच्या खड्ड्यांत सस्पेन्शनचे रबरी बुश सगळ्यांचेच जातात. एखाद्यानं मोठे अलॉय बसवले असतील तर दोष अलॉयना दिला जातो. कदाचित तो बरोबरही असेल, कारण मोठी रिम आणि पातळ टायरचा धक्का बुशवर जास्त येतो. पण त्याच वर्कशॉपमध्ये मूळ चाकांच्या गाड्याही तितक्याच किलोमीटरवर त्याच तक्रारीनं येत असतील, तर अलॉयचा मुद्दा तिथेच निकाली निघतो. हे ग्राहकाला कळणार कसं? त्याच्याकडे फक्त एस्टिमेटचा कागद असतो.

जी माहिती खास एका बाजूकडे आहे ती त्याच बाजूनं मांडावी, हे आपल्या पुरावा कायद्याचं जुनं तत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये एअरबॅग न उघडल्याच्या प्रकरणात ग्राहकाच्या बाजूनं निकाल दिला. धडकेचा वेग आणि जोर यांची गणितं मांडून दोष सिद्ध करायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असं न्यायालयानं त्यात म्हटलं. तो वाद बदल केलेल्या गाडीचा नव्हता. तरी ग्राहकाकडून तांत्रिक सिद्धतेची अपेक्षा कुठवर करायची, याचं माप त्या निकालानं घालून दिलंय, आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ते रोज पायदळी तुडवलं जातं.

यावर एक आक्षेप हमखास येतो: गाडीत बदल करणं मुळात बेकायदाच आहे, मग वॉरंटी कशाची मागता? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठामपणे सांगितलं. परवानगीशिवाय असा बदल करणाऱ्या मालकाला कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. सायलेन्सर कापून रात्री पाम बीच रोडवर कानठळ्या बसवणाऱ्यांना तो दंड व्हावा, आणि नियमितपणे व्हावा. पण शिक्षा देणं आरटीओचं आणि वाहतूक पोलिसांचं काम आहे. वाशीच्या किंवा ठाण्याच्या आरटीओनं करायचं काम डीलरनं वॉरंटी जप्त करून करावं, अशी तरतूद कुठल्याही कायद्यात नाही. कायद्यानं ज्याचा दंड पाच हजारांवर थांबवला, त्यासाठी डीलर ऐंशी हजारांचा गिअरबॉक्स ग्राहकाच्या माथी मारत असेल तर ती शिक्षा कुणी ठरवली?

शिवाय सगळे बदल बेकायदा नसतातच. सीएनजीचं वर आलंच. दिव्यांग व्यक्तीसाठी हातानं चालवायचा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर बसवलेल्या गाडीची तर मोटार वाहन कायद्यातच स्वतंत्र व्याख्या आहे. ज्याला पायानं पेडल दाबता येत नाही त्याच्यासाठी हा बदल म्हणजे कामावर जाणं, मुलांना शाळेत सोडणं, कुणावर अवलंबून न राहणं. अशा गाडीमालकाला 'तुमची सगळी वॉरंटी गेली' हे ऐकवणं मला असह्य वाटतं. सरसकट अटीचा सगळ्यात मोठा फटका ज्याला निवडच नाही त्याला बसतो, हे कंपन्यांच्या धोरण ठरवणाऱ्यांनी एकदा विचारात घ्यावं.

दुसरा आक्षेप खोटेपणाचा आहे. काही लोक सर्व्हिसला जाण्याआधी रिमॅप काढून मूळ प्रोग्रॅम परत टाकतात, वाढवलेले भाग उतरवतात आणि मग क्लेम मागतात. हे घडतं, आणि ती फसवणूक आहे. तिचा बचाव मी करणार नाही. पण फसवणूक पकडायचा मार्गही तपासणी आणि लेखी कारण हाच आहे. ज्या कंपनीकडे ईसीयूची नोंद आहे तिनं ती कागदावर मांडली की खोटा ग्राहक आयोगाच्या दारात टिकत नाही. तोंडी नकारानं मात्र खरा आणि खोटा दोघे एकाच रांगेत उभे राहतात.

नकार मिळाला तर काय करायचं, ते थोडक्यात. जॉब कार्डवर तक्रार, निदान आणि नकाराचं कारण लिहून घ्यावं. लिहीत नसतील तर त्याच दिवशी डीलरला आणि कंपनीला ईमेल करून 'आज अमुक कारण सांगून दुरुस्ती नाकारली' हे आपणच नोंदवावं. बदललेला भाग टाकून देऊ नका असं लेखी कळवावं. गाडी अडकून पडू नये म्हणून पैसे भरावेच लागले तर निषेध नोंदवून भरावेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. पुष्कळ प्रकरणं तिथेच सुटतात, कारण कंपनीच्या मुख्यालयाला डीलरइतकी हटवादी भूमिका परवडत नाही. नाही सुटलं तर जिल्हा आयोग. ठाण्यात एक आहे, नवी मुंबईकरांसाठी बेलापूरच्या कोकण भवनात अतिरिक्त आयोग आहे, आणि २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय चेन्नईत की गुरुग्रामला, यानं फरक पडत नाही. दहा ते वीस लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये आहे. मुदत दोन वर्षांची. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

तरीही एकेकट्या माणसानं एकेक लढाई लढून हे सुटणार नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात वाहन क्षेत्रही घेतलं. पुढे पोर्टलही आलं. या कामात वॉरंटीचा बंधनकारक नियम जोडायला हवा. वॉरंटी नाकारायची असेल तर ठरावीक दिवसांत सही-शिक्क्याचं पत्र द्यावं. त्यात कुठला बदल, त्यानं कुठला भाग आणि कसा बिघडवला, हे लिहावं. सोबत फॉल्ट कोडची आणि फ्रीझ फ्रेमची प्रत द्यावी. वाद मिटेपर्यंत भाग जपून ठेवावा. पत्र दिलं नाही तर दुरुस्ती वॉरंटीत झाली असं धरावं. कंपन्यांना यात नवीन काही करायचं नाही. क्लेम वर पाठवताना ही माहिती त्या आजही आपल्या डीलरकडून घेतातच.

आणि ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ मध्ये एक बदल हवा. भागाची प्रयोगशाळेत चाचणी करायची ठरली तर तिचं शुल्क आयोग आज तक्रारदाराला भरायला लावू शकतो. कॉम्प्रेसरच्या सीलसाठी आधी चाचणीचे पैसे भरा म्हटलं की तक्रारदार गळाठतो आणि तडजोडीला तयार होतो. वॉरंटी ज्यानं नाकारली त्यानं हे शुल्क आधी भरावं. अहवाल ग्राहकाच्या विरुद्ध गेला तर निकाल देताना आयोगाला ते त्याच्याकडून वसूल करता येईल.